कडीला लावलेला टाय

घरात या क्षणी साहेब आहेत की बाबा, हे एका टायवरून ठरायचं. निळा, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा. तो आतल्या खोलीच्या कडीला लटकत असला की आत साहेब. नसला की बाबा. साहेबांचं दार वाजवायचं नाही, दारासमोर चेंडू आपटायचा नाही, भांडण झालं तर ते स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात मिटवायचं. बाबांच्या मात्र पाठीवर चढलं तरी चालायचं. हा कायदा त्यांनी स्वतःच केला होता, आणि केला त्या दिवशी आपल्या डोक्याचं त्यांना भारी कौतुक वाटलं होतं.

'साहेब' हे नाव बायकोनं चेष्टेत ठेवलेलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असायची आणि हे दिवसभर बसून असायचे, तेव्हा एवढी चेष्टा तिच्या हक्काचीच होती. यांची नोकरी एका कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत. यंत्र बिघडलं की लोक फोन करून भडाभडा बोलत, कंपनीची मुलं-मुली ते ऐकून घेत, आणि ते सगळे फोन रेकॉर्ड होत. साहेबांचं काम म्हणजे ते फोन नंतर ऐकायचे आणि फोन घेणाऱ्याला दहापैकी गुण द्यायचे. समोरच्याचं नीट ऐकून घेतलं का? उगाच ताटकळत ठेवलं का? खोटी सबब सांगितली का? थोडक्यात, दुसऱ्याच्या संयमाची परीक्षा घ्यायची. गुण देताना साहेबांचा हात आखडता. खोट्या सबबीला तर थेट शून्य. ऑफिसात त्यांचा दरारा होता म्हणतात.

मग कंपनीनं ऑफिसचा तो मजला रिकामा केला आणि प्रत्येकाला एक कॉम्प्युटर, एक हेडफोन आणि एक चाकांची खुर्ची देऊन घरी पाठवलं. शाळा सुटल्यावर मुलांना कोण बघणार, हा घरातला जुना तंटा त्या खुर्चीनं एका झटक्यात मिटवला. बाबा घरीच आहेत की!

मुलं दोन. मोठी नऊ वर्षांची, घरातल्या सगळ्या नियमांची फौजदार. धाकटा चार वर्षांचा. तो खेळताना, जेवताना, अंघोळ करताना, अगदी झोपेतसुद्धा काहीतरी गुणगुणत असायचा, म्हणून त्याचं नाव भुंगा पडलं. तो घरात कुठे आहे हे शोधावं लागत नसे, कान दिला की कळायचं.

सुरुवातीला साहेबांचा उत्साह बघण्यासारखा होता. दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, आणि मग स्वयंपाकघरातून आतल्या खोलीपर्यंतचा प्रवास.

"बूट घालून कुठे निघालास?" बायको म्हणायची. "लवकर जा, गाडी चुकेल."

पण नव्याचे नऊ दिवस. आधी बूट गेले, मग इस्त्री गेली, मग दाढीही एक दिवसाआड झाली. ऑफिसात शेजारचा मान खाली घालून काम करतोय म्हणून आपणही करतो, हे त्यांना आता कळलं. इथे शेजारी कपाट होतं. एका बाईचं यंत्र कपडे फाडतंय, एका माणसाच्या यंत्रातून पाणी गळतंय, आणि ते रडगाणं एकट्यानं, भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. बरं केलं म्हणायला कोणी नाही, वाईट केलं म्हणून झापायलाही कोणी नाही. त्यांचं मन कामातून हळूहळू उठलं.

साडूंनी सल्ला दिला, "कामाचे तुकडे पाड. एक तुकडा झाला की स्वतःला छोटंसं बक्षीस दे." साडूंवर घरून काम करायची पाळी कधी आली नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला अगदी ठाम होता.

साहेबांनी बक्षीस शोधलं ते असं. जगात कुठेतरी काही माणसं मळून काळे झालेले गालिचे अंगणात पसरतात, त्यांच्यावर पाणी मारतात, साबणाचा फेस करतात, ब्रशनं घासतात आणि तो सगळा मळ फळीनं ओढून काढतात. खालून हळूहळू लाल फुलं आणि हिरवी पानं वर येतात. हे सगळं कोणीतरी चित्रित करून ठेवतं, आणि ते बघत बसलं की डोकं शांत होतं. पहिल्यांदा पाच फोन ऐकून एक गालिचा, असा हिशोब होता. मग दोन फोनांना एक गालिचा झाला. मग बक्षीस आधी घेतलं तर हुरूप येतो, असा शोध लागला. शेवटी दुपारी टाय कडीला लागायचा, कानांवर हेडफोन चढायचा, आणि आत नुसते गालिचे धुतले जायचे. कामाचा डोंगर संध्याकाळी बायको आल्यावर घाईघाईनं उपसायचा. "आज फोनच फार होते," असं म्हणायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

लाज वाटायची. रोज वाटायची. म्हणून दार लावून घ्यायचं, आणि दार लावलं की पुन्हा तेच.

मुलं मात्र कायदा पाळत होती. मोठीनं भुंग्याला शिकवून ठेवलं होतं, की टाय दिसला की तोंड बंद. आणि खरंच, टाय लागला की भुंग्याची गुणगुण थांबायची. "किती गुणाची माझी पोरं," असं साहेब एकदा मोठीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले होते. ती आठवडाभर ताठ मानेनं फिरत होती.

त्या दुपारी एका प्रचंड मोठ्या गालिच्यावर कोणीतरी कुत्र्यालाच झोपू दिलं होतं, आणि साबणाच्या पाण्याचा फवारा आल्यावर ते कुत्रं असं काही पळालं, की साहेब एकटेच खो खो हसले. गालिचा स्वच्छ झाला. त्यांना चहाची तल्लफ आली. त्यांनी हेडफोन काढला आणि दार उघडलं.

बाहेर जमिनीवर, भिंतीला टेकून दोघं बसली होती. भुंग्याचा चेहरा पांढराफटक. मनगट सुजून भलत्याच बाजूला वळलेलं, त्यावर ओला नॅपकिन गुंडाळलेला. मोठीचा एक हात त्याच्या खांद्याभोवती होता. दुसरा त्याच्या तोंडावर.

"बाबा," ती कुजबुजली. अजूनही कुजबुजतच होती. "हा स्टुलावरून पडला. बिस्किटं काढत होता."

"केव्हा?"

"मघाशीच. टाय होता ना. मी त्याला सांगत होते, थांबल्याबद्दल धन्यवाद, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." हे वाक्य तिनं साहेबांच्याच तोंडून ऐकलेलं. "तू मधे हसलास ना, तेव्हा मला वाटलं, आता संपेल."

साहेबांनी भुंग्याला उचललं. आता टाय हलला होता, दार उघडं होतं, म्हणून ते पोर पहिल्यांदा रडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनगट पाहिलं. हाड मोडलं होतं. "सूज बरीच चढलीये. लगेच का नाही आणलंत?"

"बाबांचं काम चालू होतं," मोठी चटकन म्हणाली. "खूप महत्त्वाचा फोन होता."

डॉक्टरीणबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं. हात सरळ करायची वेळ आली तेव्हा बाई भुंग्याला म्हणाल्या, "दुखलं तर रड हो बाळा, मोठ्यानं रड." भुंग्यानं आधी मान वळवून त्या खोलीच्या दाराकडे, दाराच्या कडीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग तो रडला. हे फक्त साहेबांना कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको दुकानातून धावत आली. तिनं भांडायला हवं होतं. ती चांगली भांडू शकते. साहेब तयारही होते. पण तिनं प्लॅस्टरवर हात ठेवला, मग साहेबांच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "तू तरी काय करणार रे? असं मधेच काम सोडता येतं का कुणाला?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब म्हणाले, "हो ना."

पुढचे काही दिवस तर कौतुकाचा पाऊसच पडला. सासूबाईंनी फोनवर नातीला शाबासकी दिली, "बापाच्या पोटापाण्याची जाण आहे हो पोरीला!" साडू म्हणाले, "याला म्हणतात शिस्त." शेजारच्या काकूंनी आपल्या मुलांना उदाहरण म्हणून मोठीचं नाव सांगितलं. ती लाजून हसायची आणि प्रत्येकाला ती गोष्ट पुन्हा सांगायची, की भुंगा कसा पडला, तिनं कसा नॅपकिन ओला केला, आणि बाबांच्या कामात कशी ढवळाढवळ होऊ दिली नाही. दर वेळी तो महत्त्वाचा फोन अजून थोडा महत्त्वाचा व्हायचा. साहेब प्रत्येक वेळी पाणी प्यायला उठून जायचे. खाई त्याला खवखवे.

कामावर आता ते खरंच बसत होते. गालिच्यांकडे बघवत नव्हतं. एका फोनमध्ये एक म्हातारा शांतपणे ताटकळत होता. बऱ्याच वेळानं फोन घेणारा मुलगा परत आला आणि म्हणाला, "माफ करा काका, सिस्टिम हळू चालतेय." सिस्टिम हळू नव्हती. मागे कोणाच्या तरी गप्पा आणि हसणं चाललेलं ऐकू येत होतं. म्हातारा म्हणाला, "असू दे बाळा, तुला कामं असतील." साहेबांचं बोट शून्याच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. शेवटी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी चौघं जेवायला बसले. मोठी आईला सांगत होती, की वर्गात बाईंनी तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

"त्या दिवशी फोन नव्हता," साहेब म्हणाले.

"कसला फोन?" बायकोनं विचारलं.

"भुंगा पडला त्या दिवशी. कामच करत नव्हतो मी. व्हिडिओ बघत होतो. गालिचे धुतानाचे." आणि एकदा बांध फुटल्यावर, "बरेच दिवस तेच करतोय. टाय लावून."

बायकोचा घास हातातच राहिला. "गालिचे?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "आपल्या घरात गालिचासुद्धा नाही रे." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताट घेऊन उठली आणि मोरीपाशी पाठमोरी उभी राहिली.

मोठी त्यांच्याकडे बघत होती. साहेबांना वाटलं, आता ही रागावेल, आणि रागावू दे. पण तिचं डोकं भलतीकडेच चालू होतं.

"म्हणजे आम्ही आलो असतो तर चाललं असतं?"

"हो."

"लगेच?"

"हो गं. लगेच."

तिनं भुंग्याच्या प्लॅस्टरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "पण मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं, बाबा. तो हात चावत होता माझा. तरी मी सोडलं नाही."

ज्या हाताला सगळ्यांनी शाबासकी दिली, तो तिनं टेबलाखाली लपवला. आपली लाज आपल्यापाशीच राहील, असं साहेब आजवर धरून चालले होते. ती अशी पोरीच्या पदरात पडेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "तुझी चूक नाही, बेटा, माझी आहे, माझी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती उठून आतल्या पलंगावर जाऊन पडली.

टाय त्यांनी त्याच वेळी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी टेबल ओढत ओढत बाहेरच्या खोलीत, मुलांच्या मधोमध आणलं. आता काम होतं. कधी बरं, कधी रडतखडत, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बायको बोलते, पण साहेब म्हणत नाही. ती चेष्टा बंद झाली आहे.

एका दुपारी शाळेतून आल्यावर दोघं मुलं आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं. साहेबांनी काम आटोपलं, दोन पेल्यांत दूध घेतलं आणि तिकडे गेले. कडीला मोठीची वेणीची लाल रिबीन बांधलेली होती, नीट गाठ मारून.

आत भुंगा गुणगुणत होता. कित्येक दिवसांनी त्यांच्या कानावर तो आवाज पडला. त्यांचं पाऊल वाजलं आणि गुणगुण थांबली.

हात दारापर्यंत गेला होता. आत खेळ चाललाय, की रडणं, की काहीच नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी पेले जमिनीवर ठेवले आणि त्या दुपारी ती दोघं बसली होती त्याच जागी, भिंतीला टेकून, आवाज न करता बसले.