खाऱ्याच्या डोक्यावर पाय

देवमन अळणी जेवायचा. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नव्हे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मीठ मी विहिरीत घातलं ना बाप्पा. साऱ्या वस्तीले पुरून राहिलं."

दर्यापूरकडचा आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. जमिनीच्या पोटात खारं पाणी आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळसा थर. गोडं पाणी पाहुणं, खारं घरधनी, असं विहिरी खोदणारे म्हणायचे. देवमनचा बाप त्यांच्यातलाच. धर्मांतरानंतर गावच्या विहिरीपाशी ओंजळ पसरणं सोडून वस्तीनं आपली विहीर खोदली, तेव्हा तळाला पांढुरकी माती दिसताच त्यानं खोदायची सब्बल वर फेकली. "खाऱ्याच्या डोक्यावर पाय देऊ नये." देवमननं हे वाक्य बापाच्या सब्बलीसकट सांभाळलं आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या.

मग विहिरीवर मोटार बसली आणि आमची अक्कल चरायला गेली. घागरीनं पाणी नेणारी माणसं भेंडीचे वाफे भिजवू लागली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात घागर तळाला खडखडू लागली. बैठकीत देवमन म्हणाला, "मोटार काढा, भेंडी सोडा. प्यापुरतं पाणी हाये." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मोटार कोणीच काढली नाही. उलट त्यालाच गळ घातली, "मामा, आनखी पुरुषभर खाली जा ना."

तो महिनाभर नाही म्हणत होता. पण त्याची लेक माधवी बाळंतपणाला माहेरी आली होती. ती पोटुशी पोर पूर्णेच्या पात्रातल्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून भरल्या घागरी आणताना घसरून पडली. पोरगी वाचली, पोटातलं गेलं. दुसऱ्या दिवशी देवमन सब्बल घेऊन विहिरीत उतरला.

चतुराबाई, त्याची बायको, काठावरून ओरडली, "तुमच्या बाबानं नाई सांगतलं होतं ना!"

"बाबाची नात नव्हती पडली," तो खालून म्हणाला.

पाणी धो धो लागलं. आम्ही गुलाल उधळला. आठवडा गेला आणि चहातलं दूध फाटलं. मग डाळ शिजेना. मग भेंडीही करपली, आणि तिच्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही. देवमननं तळ मातीनं बुजवून पाहिला, पण घरधनी एकदा ओसरीवर आला की परत आत जात नाही. पोरं नांदगाव, अमरावतीकडं मजुरीला गेली. वस्ती टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसली.

देवमन रोज सकाळी विहिरीचं वाटीभर पाणी चाखायचा. थुंकायचा आणि घरी जायचा. पावसाळे आले, गेले. त्याला कोणी दोष दिला नाही, पण खोदायलाही कोणी बोलावलं नाही.

शेवटी त्यानं अंथरूण धरलं. तोंडाची चव गेली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यानं विहिरीचं पाणी मागितलं. चतुराबाईनं वाटी ओठांना लावली. त्यानं घोट घेतला, थुंकला नाही. त्याचा चेहरा उजळला.

"गोड झालं वं," तो म्हणाला. "घागरी काढा."

चतुराबाईनं वाटीतलं उरलेलं पाणी चाखलं. खारंच. तरी घागर घेऊन विहिरीकडं निघाली, त्याला दिसेल अशी.

तो गेला त्या दिवशी टँकर आला नाही. त्याला शेवटची आंघोळ त्याच घागरीतल्या पाण्यानं घातली.