नवऱ्यासाठी शोधलेलं कारण

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नवीन नाटक होतं. विकतचं पुस्तक आणून केलेलं चालत नाही, ते गावातल्याच कुणीतरी लिहावं लागतं. अलीकडे ते माझे धाकटे दीर लिहितात. त्यांना मदत करायला रामनगरहून एक मास्तर येतात. तेही लिहितात, त्यांची एक कादंबरी कधीपासून अर्धी पडली आहे. दोघं आमच्या पडवीत बसतात. मधे कुडाची भिंत, आणि पलीकडे माझी चूल. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण नाटक कसं जुळवतात ते मला चुलीपाशी बसून कळलं.

यंदाचं नाटक नवरा निघून गेलेल्या बाईवर होतं. माझा नवरा ट्रकवर कामाला म्हणून गोव्याला गेला आणि तिकडचाच झाला. तिकडे त्याची बाई आहे, मुलं आहेत. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझ्यासमोर कुणी बोलत नाही. दिरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वैनी, हे तुझ्यावर न्हाई हां. सगळीकडंच असतंय असं." मी मान हलवली. मला कुणाच्या तोंडावर काही बोलता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे, तेही कुणाला दाखवायला नाही.

दोन अंक झटपट झाले. तिसऱ्यात गाडी अडली. शेवटी नवरा परत येणार हे ठरलेलं होतं, कारण जत्रेच्या लोकांना मधे कितीही रडवलं तरी घरी समाधानाने पाठवावं लागतं. अडचण एवढीच, की इतकी वर्षं तो होता कुठे. मास्तरांचं म्हणणं, कारण सबळ पाहिजे. कारण कच्चं असलं तर लोक त्याला माफ करणार नाहीत, आणि लोकांनी माफ केलं नाही तर बायकोची माफी खोटी वाटेल.

मग दोघं कारण शोधत बसले. आधी त्याला अपघात होऊन त्याची आठवण गेली. ते मास्तरांना शिळं वाटलं. मग त्याला जहाजावर चढवलं, पण जहाजाला पत्र टाकायची सोय नसते काय, असं दिरांनीच विचारलं आणि त्याला परत उतरवलं. एकदा तर त्याला संन्यासी करून उळवीच्या रानात बसवलं होतं. मास्तर म्हणाले, एवढ्या जवळ असता तर गुरांमागे गेलेल्या कुणाला तरी सापडला असता. ही कारणं येत होती, मोडत होती आणि मी चहा करत होते. माझ्या नवऱ्यासाठी इतक्या मनापासून कारण शोधताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. सुरुवातीला मीही शोधलं होतं. मला कुणी मदतीला नव्हतं.

शेवटी त्याने मालकाच्या मुलाचा गुन्हा अंगावर घेतला आणि तो तुरुंगात गेला, असं निघालं. दीर खूश झाले. आणखी एक चहा झाला. कप उचलताना मला कळलं, की माझा नवरा फार मोठ्या मनाचा माणूस आहे.

मग ते नाटकातल्या बाईकडे वळले. मास्तरांना ती आवडत नव्हती.

"ही काय करतच न्हाई ओ. दोन अंक नुसती वाट बघती. पात्र हललं पायजे."

"करणार काय? घरात तर असती ती," दीर म्हणाले.

"मग रडवा तरी. कामाला बेळगावहून बाई आणायची आणि तिला रडायला एक प्रवेश न्हाई, म्हणजे काय?"

सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं. भात पिकलं की गवे उतरतात म्हणून शेतातल्या माळ्यावर डबा बडवत मी एकटी बसले. दीर तेव्हा शिकायला बाहेर होते. पण यातलं काही रंगमंचावर दाखवता येण्यासारखं नसेल. बाई रडेल, आणि तो आला की त्याच्या पायावर पडेल, पडदा पडेल, असं ठरलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सगळं गाव बघायला येणार. कोण कुणाच्या पायावर पडतंय हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

बेळगावची नटी आदल्या दिवशी आली आणि आमच्याच घरी उतरली. वयाने माझ्याएवढी असेल. पाठांतर करता करता ती मला लसूण सोलून देत होती. म्हणाली, "गेल्या गावात मी विष प्याले, त्याच्या आधी विहिरीत उडी टाकली. हितं नुसतं पायाच पडायचं हाय. बरं हाय, साडी मळती तेवढंच." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुमचंच हाय न्हवं हे, अक्का?"

का कोण जाणे, तिला मी व्हय म्हटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका लिहिलेल्या गोष्टीत बदल सुचवला. म्हटलं, पाया पडू नका. दारात आलेल्या कुणालाही देतो तसं पाणी द्या आणि आत जा.

तिने तिथेच करून बघितलं. उंबऱ्यावर तांब्या ठेवला, पदराला हात पुसले आणि मागे न बघता आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "अवघड हाय. रडण्यापेक्षा अवघड. पण करते मी."

जत्रेत मी बायकांच्या मागे बसले होते. तिसऱ्या अंकात तो दाढी वाढवून आला, तुरुंगाचं सांगितलं, बायका पदर तोंडाला लावून रडल्या. मास्तरांचं कारण बरोबर लागलं होतं. तिने तांब्या आणला, खाली ठेवला, हात पुसले आणि वळली. सगळं शांत झालं. एक, दोन पावलं ती आत गेली. मग पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांतून कुणीतरी म्हणालं, "पाया पड की गं." मागून दुसरा ओरडला, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि पडद्याआडून तेच सांगणारा दिरांचा आवाज मला ओळखू आला. ती थांबली. परत आली आणि त्याच्या पायावर पडली. एवढ्या टाळ्या आमच्या गावात आधी कधी पडल्या नव्हत्या.

सकाळी बसला निघताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "लोक बसले होते ओ, अक्का," एवढंच म्हणाली. मी तिला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. पडवीत मास्तर दिरांना सांगत होते, की शेवटी तिला दोन पावलं आत नेऊन परत आणली हे फार चांगलं झालं, पुढच्या वेळी लिहितानाच तसं लिहायचं.

दोन दिवसांनी आम्ही बायका काजू वेचायला गेलो होतो. नाटकाचंच चाललं होतं. शेजारची नवी सून हसत म्हणाली, "काकू, काका असे दारात आले तर तुम्ही बी असंच करणार न्हवं?"

मी तोंड उघडेपर्यंत माझ्या चुलतसासूने उत्तर दिलं. "करंल की. सगळ्या गावानं बघितलं न्हवं?"

सगळ्या हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी बोंडाची बी पिळून टोपलीत टाकली आणि काही म्हटलं नाही. आणि बाई गप्प राहिली की आमच्याकडे तो होकार धरतात.