विलीला कोण धरणार?

आम्ही निवृत्त मास्तर चहाला जमलो की एकाच्या किश्श्यातून दुसऱ्याचा निघतो आणि चहा पार गार होतो! माझे बहुतेक किस्से विलीचे. एकोणीसशे तीसच्या सुमाराचे, लोणावळ्याच्या आमच्या मराठी शाळेतले.

विली एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. त्याला शाळेत घालताना वडील म्हणाले, "दिवाळीतक देखेंगे. दोस्त नहीं बने, तो बोर्डिंग." आईचा मात्र त्याला दूर धाडायला जीव होत नव्हता.

मी ठेवणीतलं इंग्रजी काढून नाव विचारलं. तो म्हणाला, "विली म्हनत्यात मला, गुर्जी." त्याला लहानाचं मोठं केलं होतं घरी कामाला असलेल्या मावळातल्या ठकूबाईनं!

*

त्याच्या डब्यात काय असेल, यावर वर्गात बरेच तर्क चालले. शेवटी डबा उघडला. बाजरीची भाकरी आणि ठेचा! पोरांची घोर निराशा झाली.

*

तरी त्याच्या शेजारी कुणी बसेना. मी तासभर घसा फोडून शिकवलं, की माणसं सगळी सारखीच. मग रेल्वेचे रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याच्या सखारामला उभं केलं, "काय शिकलास?"

"मानसं समदी सारकीच असत्यात, गुर्जी. पर विलीला माज्याजवळ बसवू नगा. आजी मारंल!"

*

मग आला हुतुतू. विली दम घेऊन पलीकडे शिरला, की शिवाशिवीच्या भीतीनं समोरचे सगळे मागे सरत सरत रेषेबाहेर उड्या मारत. सगळे बाद! विली हात हलवत परत. दोन्ही बाजू त्याला आपल्याकडे मागू लागल्या.

एवढा जिंकणारा गडी, पण एक दिवस झाडाखाली रडताना सापडला. "गुर्जी, मला कुनी धरतच न्हाई!"

दिवाळी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सखारामची बाजू पुन्हा हरायला आली. तो भडकला. "आजी गेली खड्ड्यात! धरा रं त्याला!" आणि त्यानं विलीची तंगडी पकडली. मागून सगळी फौज अंगावर! ढिगाऱ्याखालून विलीचं हसू ऐकू येत होतं.

*

सकाळी सखाराम कुडकुडत आला. "विलीला शिवलो म्हनून आजीनं आंगनातच गार पानी वतलं!"

विलीचेही केस ओले. "मलाबी आईनं साबनानं घासलं."

"तुला का रं?"

"तुमाला शिवलो म्हनून!"

सखारामनं आ वासला. मग म्हणाला, "आयला! मंग घरी कशाला? खेळ झाला की समदेच वढ्यावर जाऊ!"

संध्याकाळी विलीचे वडील शाळेत आले. कोटावर कोळसा, चेहऱ्यावर काळजी. "विली किधर है, मास्टर?"

"नहाने गया."

"किसके साथ?"

"पूरी क्लास के साथ, साहेब!"