डोहातला कटला

मी तोंडाची फटकळ. बाई असून होडी वल्हवते म्हणून लोक नाकं मुरडायचे, तेव्हा मी म्हणायची, पाण्याला काय कळतंय वल्हं कुणाच्या हातात आहे ते? अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे ऐकून हसू यायचं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. करमाळ्याच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी आमचं पत्र्याचं घर, आणि घरासमोर होडी. आता चार-पाच उन्हाळे होऊन गेले, पण त्या वैशाखात काय झालं ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

त्या वर्षी पाण्यानं फार लवकर पाय काढला. होळी होते न होते तोच काठ उघडा पडला. पुढं पुढं तर होडीपर्यंत पोचायलाच गुडघाभर गाळ तुडवत अर्धा तास चालावं लागे. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप पाण्याच्या मागं मागं लांबत चालले होते. उरलेलं पाणी हिरवं, वरून आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट, आणि जवळ गेलं की वास. दुपारी झळांचा वारा सुटला की लाटा उठायच्या, होडी घालायची सोय नाही. म्हणून ऊन उतरल्यावर जाळं लावायचं आणि उजाडताना काढायचं. काढून तरी काय? तळहाताएवढ्या चिलाप्या, त्यातल्या निम्म्या मेलेल्या. रोहू नाही, मरळ नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी रिकामं जाळं झटकायची आणि रडायला यायचं. रागच जास्त यायचा, पण कुणावर काढणार.

एका सकाळी अप्पा पाटीतल्या चिलाप्यांकडं बघत बसले आणि म्हणाले, "ऐतवारपातूर बघू. एक पाटी जरी भरली तरी ऱ्हाऊ. न्हायतर होडी इकून सोलापूरला जाऊ, तुज्या मावशीकडं." मावशी भवानी पेठेत टॉवेलच्या कडा शिवायची. गिऱ्हाईक रविवारी होडी बघायला येणार होतं. मी म्हणाले, "मला न्हाय शिवायच्या कडा."  अप्पांच्या मनातूनही जायचं नव्हतं, म्हणून तर रविवारपर्यंत म्हणाले होते.

आता डोहाचं सांगायला हवं. धरणाच्या आधी नदी जिथं वळसा घ्यायची तिथं खोल डोह आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोठे मासे तिथं गोळा होतात, कारण तळाशी गारवा असतो. आमच्या वस्तीचा नेम असा की अक्षय्य तृतीयेपासून पहिला पूर येईपर्यंत डोहात कुणी जाळं टाकायचं नाही. तिथल्या माद्या पोटुशा असतात, त्यांच्यावरच पुढचा मोसम. नेम मोडला त्यानं पावसाळाभर होडी काठावर पालथी घालायची. कागदावर काही नाही, पण माझ्या आठवणीत कुणाची होडी पालथी पडली नव्हती. किती वाईट दिवस आले तरी डोह राखलेला.

शनिवारी अप्पांना ऊन लागलं. अंग तापलं, उठता येईना. त्यांना कांद्याचा रस लावला, पन्हं पाजलं, आणि दिवस कलल्यावर मोठ्या भोकांचं जाळं घेऊन मी एकटीच निघाले. आमच्या नेहमीच्या जागेवरून होडी पुढं गेली तेव्हा मला ठाऊक होतं मी कुठं चाललेय. एकदाच, एवढं मनाशी म्हणत होते. आपण सगळ्यांसाठी डोह राखायचा आणि आपलंच घर उठायचं, हा कुठला न्याय? आणि जाळं सोडलं.

रविवारी उजाडायच्या सुमाराला जाळं ओढवेना. दोन रोहू, आणि एक कटला, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. आसपास दुसरी होडी नव्हती. मी पाटीवर ओलं पोतं टाकलं आणि गाळातून जवळजवळ पळत घरी आले. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणाले, "अप्पा, पाटी भरली. आता ऱ्हायचं."

त्यांनी पोतं बाजूला केलं. कटल्याच्या पोटावरून हात फिरवला. पोट टरटरीत होतं, हात दाबला तशी खालून पिवळी अंडी आली. एवढा कटला कुठं असतो हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"कवा टाकलंस?" एवढंच विचारलं.

"काल सांजच्याला. कुणी बघितलं न्हाय."

"मी बघतुय की," ते म्हणाले.

मी पुष्कळ बोलले. उपाशी मरायचं का, नेम काय पोट भरतो का, सगळं बोलले. ते तापलेल्या अंगानं उठले, कुदळ घेतली आणि घरामागं खड्डा करून तिन्ही मासे पुरले. मग गाळ तुडवत होडीपाशी गेले, मी मागं मागं. एकट्याला उलटेना, म्हणून मला हाक मारली. मी पुढं झाले. होडी आम्ही दोघांनी मिळून पालथी घातली.

थोड्या वेळानं वस्तीतली माणसं जमली. गिऱ्हाईकही आलं होतं.  पालथी होडी बघून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं रं?"

अप्पा म्हणाले, "डोहात जाळं म्या टाकलं."

मी तिथंच उभी होते. पाटलाला न घाबरणारं माझं तोंड, त्यातून शब्द फुटला नाही. मला वाटलं, आत्ता बोलू, मग वाटलं, घरी गेल्यावर बोलू, लोक पांगल्यावर एकेकाला सांगू. म्हाताऱ्यानं अप्पांकडं बघितलं, मान खाली घातली आणि निघून गेला. चाळीस वर्षं ज्यांच्या बरोबरीनं पाणी वाटून घेतलं त्यातल्या एकानंही त्यांना त्या दिवशी पाणी विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, नेम मोडलेली होडी मला नको.

पुढच्या आठवड्यात आम्ही सोलापूरला आलो. मी कडा शिवते. अप्पा दारात बसतात, मागाचा खडखडाट ऐकतात. डोहाचं नाव आमच्यात कुणी काढत नाही.

आल्यावर दोन महिन्यांनी मी बाजारातून चिलापी आणली. साफ करायला बसले तर एकीच्या पोटात अंडी निघाली. मी ती कागदात गुंडाळून बाहेर टाकून आले. अप्पा ताटावर बसले, घास मोडला आणि थांबले.

"पोटात अंडी हुती का गं?"

मी न्हाय म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि जेवायला लागले.