बोर्डावरचं बटण

बॅटरीचं नाव काढलं, म्हणजे आता मी ब्राइटनेस कमी करा, ब्लूटूथ बंद ठेवा असलं काहीतरी सांगणार, असं वाटलं ना? नाही हो. मला बटण बंद करायची एकच टिप येते, आणि तिच्यामुळेच माझा लॅपटॉप गेला.

कॉलेजपासूनचा लॅपटॉप. बोरिवलीच्या खोलीवर आलो तोवर त्याचं असं झालेलं, की चार्जर लावलाय, दिवा पेटलाय, आणि स्क्रीनवर ‘चार्ज होत नाही’. पिन तिरकी धर, वायरला रबरबँड बांध, सॉकेट बदल, सगळं झालं. मग टचपॅडच वर यायला लागला. घाबरून मालाडच्या एका रिपेअरवाल्याकडे नेला.

त्याने खालचे स्क्रू काढले. "बॅटरी बघ भावा. फुगून पुरी झालीय पुरी! मांडीवर फुटली असती ना."

"नवी टाक ना मग."

"या मॉडेलची नाय मिळत आता. ही काढून टाकतो. डायरेक्ट चार्जरवर चालेल, पण लाईट गेली की हा गेला. डिस्कपण करकरतेय. जे हवंय ते आधी काढून घे."

मला एकच व्हिडिओ हवा होता. गावच्या ओटीवर मी आईची नक्कल करतोय. टॉवेलचा पदर खोचून मासेवालीला विचारतोय, "हे बांगडे काल मेले, की आदल्या आठवड्यात?" आई आधी हात उगारते, मग हसते. हसते म्हणजे खांब धरून खालीच बसते. मास्तरांपासून कंडक्टरपर्यंत मी कुणाचाही आवाज काढतो, पण ते हसणं मला कधी जमलं नाही. मुंबईत आल्यापासून ऐकलंही नाही. फोनवर ती "जेवलास?" विचारते, मी "हो" म्हणतो, संपलं.

रविवारी सकाळी कॉपी लावली. पेन ड्राइव्हही म्हातारा, बारा मिनिटं दाखवत होता. तेवढ्यात पोहे आणू म्हणून निघालो. चप्पल घातली आणि हात आपोआप दाराजवळच्या बोर्डावर गेला. खट्, खट्, खट्. गावाला व्होल्टेज वर-खाली होऊन टीव्ही जळाला, तेव्हापासूनचा आईचा नियम: घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद.

पंखा थांबत होता. लॅपटॉपची घरघर आधीच थांबलेली.

परत चालू केला तर लॅपटॉपला डिस्कच सापडेना. रिपेअरवाल्याने ती काढून कानाला लावली. "गेली भावा."

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिचं हसणं गेलं, हेही सांगितलं. मग गॅलरीत उभा राहून फोनवरच तिची नक्कल सुरू केली. "हे बांगडे काल मेले, की आदल्या आठवड्यात?" आणि थांबलो. फोन कानाला घट्ट दाबला.

"मेल्या," आई म्हणाली, "बटण बंद केलंस ता बरा केलंस. पण बॅटरी नसताना मशीन चालवतंस कित्याक? शॉक बसलो असतो तर? आणि मी अशी किंचाळतंय? गणपतीक येतंय म्हणालंस, इलंस नाय. हसूक काय मी त्या डब्यात बसलंय? घराक ये आधी!"