मोहाखालचं अस्वल

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा तुका चटकन लक्षात राहावा असा माणूस नव्हता. बोलायचा कमी, चालायचा हळू. दिवाळी झाली की बायकोला, रखमीला, घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि पेरणीच्या तोंडावर नागलीच्या शेतात परत यायचं, यातच त्याची उमर गेली. मागच्या वर्षी भट्टीवर त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. म्हणून पाड्याखालच्या आंब्याच्या बागेत राखणीला माणूस हवाय असं कानावर आलं, तेव्हा दुसरं कुणी जायच्या आत तो जाऊन उभा राहिला.

बाग कल्याणच्या एका शेठची. शेठ रविवारी गाडीने यायचा, बाकी दिवस जामसरचा विनोद कारभार बघायचा. शेठ कधी आवाज चढवायचा नाही. पण आपलं काही दुसऱ्याच्या हातात गेलेलं त्याला सोसत नसे. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यासुद्धा तो शेडमागच्या खड्ड्यात टाकून कुजू द्यायचा. लोकांना सवय लागते, म्हणायचा.

कैऱ्या मोठ्या होऊ लागल्या तशी वानरं उतरली. फटाके झाले, गोफण झाली, वानरं जायची आणि यायची. मग शेठने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं की एका गावात माणसाला अस्वल करून शेतात फिरवतात. पुढच्या रविवारी गाडीतून मोठा खोका उतरला. आत काळ्या केसांचा अंगरखा आणि जबडा वासलेलं डोकं. विनोद ते बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तुकाने डोकं उलटं करून आत बघितलं आणि श्वास कुठून घ्यायचा, एवढंच विचारलं.

श्वास जबड्यातून घ्यायचा होता, बघायचंही तिथूनच. समोरचं दिसायला मान मागे टाकावी लागे आणि पायाखालचं दिसायचं नाही, त्यामुळे तो ठेचकाळत, डुलत चालायचा. शेठला ती चाल फार आवडली. पाड्यावरून बागेतलं दिसायचं नाही, आणि लाजेने तुकाने घरीही हे सांगितलं नव्हतं. वानरंही पहिले काही दिवस घाबरली. पण चैताचं ऊन, आणि आत माणूस शिजायचा. तुका टाकीपाशी जाऊन डोकं काढून पाणी प्यायचा. एक म्हातारा हुप्प्या कठड्यावर बसून हे बघत होता. त्यानंतर वानरं पळेनाशी झाली. अस्वल आलं की एक फांदी वर सरकायची, इतकंच. विनोदला हे कळलं होतं. तो म्हणाला, शेठला सांगू नकोस, तुझंही काम जाईल आणि माझंही.

बागेच्या वरच्या अंगाला मोहाची जुनी झाडं होती. शेठने जमीन घेतली तेव्हा ती कुंपणाच्या आत गेली, पण पाड्यावरच्या बायका कुंपणाच्या फटीतून पहाटे येऊन फुलं वेचायच्या. आया-आज्यांपासून वेचत आल्या होत्या. शेठला मोहाचं काही पडलेलं नव्हतं. मग एका रविवारी मोखाड्याच्या रस्त्याला त्याने एक व्यापारी मोहफुलं काट्यावर तोलून पिकअपमध्ये भरताना पाहिला. बागेत आल्याआल्या त्याने विचारलं, ही झाडं कोणाची?

दुसऱ्या दिवशी विनोद तुकाच्या शेजारी येऊन बसला. मान खाली घालूनच बोलला.

"दादा, शेठ सांगतात, पहाटे मोहाखाली उभं राहायचं. करायचं काही नाय. नुसतं उभं राहायचं."

"आमच्याच पाड्याच्या बाया येतात तिथं."

"म्हणून तर ते अस्वलाचं डोकं तोंडावर घालायचंय ना."

या डोंगरात अस्वल आता कुणी पाहिलेलं नव्हतं. पण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते होतं, आणि मोहाच्या दिवसांत ते फुलं खायला येतं हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. तुका करवंदीच्या जाळीमागे बसला तेव्हा पुरतं उजाडलेलं नव्हतं. टोपल्या घेऊन बायका आल्या. पुढे रखमीच होती. तो उठून उभा राहिला.

काय झालं ते त्याला नीट दिसलं नाही. जबड्यातून लुगडी पळताना दिसली, ओरडणं ऐकू आलं. मग झाडाखाली सांडलेल्या टोपल्या आणि तो.

संध्याकाळी घरी रखमी गुडघ्याला हळद लावत बसली होती. पडली होती ती. तिने सगळं सांगितलं, अस्वल किती मोठं होतं, कसं वळलं. मग म्हणाली, तू बागेत एकटाच असतोस, हातात काठी ठेवत जा. तुका भाकरी खात होता. हो म्हणाला. त्या रात्री त्याला झोप लागली, याचंच त्याला नंतर नवल वाटलं. दमला होता.

पाडा मोहाकडे फिरकेनासा झाला. फुलं गळायची आणि तिथंच काळी पडायची, कारण मजुरी देऊनही वेचायला कुणी येईना. तरी शेठने सांगून ठेवलं होतं, उभं राहायचं. तुका जाऊन उभा राहायचा.

मग एका पहाटे ठकी आली. ठकी म्हणजे पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई. लेक सुरतेकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. ती एकटीच राहायची. डोळ्यांनी कमी दिसायचं. ती खाली बसून हाताने चाचपत फुलं वेचू लागली. तुका उभा राहिला, दोन पावलं पुढे आला. ठकीने मान वर केली आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. उठायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"मना धावता नाय येत रे बाबा," ती म्हणाली. तिने टोपलीतली निम्मी फुलं ओंजळीने काढून त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. "ही तुझी. एवढी मना राहू दे. तूही भुकेलाच असशील."

बोलावं तर आवाज ओळखेल. तो तसाच मागे सरकत जाळीपर्यंत गेला आणि ती वेचून जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. घाम डोळ्यांत जात होता, तो पुसायची सोय नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन त्याने रखमीला सांगितलं. सगळं, तिच्या गुडघ्यासकट. रखमी चुलीपुढे बसली होती. त्याला वाटलं, आता ही उठून जाईल. तिने जळतं लाकूड आत सारलं.

"आत गरम होत असेल," ती म्हणाली.

"होतं."

"उद्या जाऊ नको."

पण तो गेला, कारण दुसरं काम नव्हतं. मोहाखाली मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

तोवर आंबा उतरवायला आला होता. विनोद मजूर बोलवायला पाड्यावर गेला तर एकही माणूस तयार होईना. बागेत अस्वल आहे, म्हणाले. खालच्या गावातही तेच उत्तर. इकडे वानरांना मोकळं रान मिळालं होतं. अर्धा आंबा खायचा आणि अर्धा खाली टाकायचा. शेठ रविवारची वाट न बघता धावत आला. त्याने तुकाला हुकूम केला, हे घालून पाड्यावर जा आणि सगळ्यांसमोर डोकं काढून दाखव.

"मी नाय जाणार," तुका म्हणाला. "तुमचं अस्वल आहे. तुम्ही घाला."

असं तो आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला बोलला. शेठने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. अस्वल घालावं लागलं विनोदला. पाड्याच्या तोंडाशीच कुत्री त्याच्यावर तुटून पडली, माणसं काठ्या घेऊन धावली. त्याने घाईने डोकं काढलं म्हणून वाचला. धापा टाकत त्याने सांगितलं, बघा, हे असं आहे, खरं अस्वल नाहीच. लोक जवळ आले, केस ओढून बघितले. काही जण हसले. कोण आंबे काढायला येतो, असं विनोदने विचारलंही.

ठकी काठी टेकत पुढे आली. तिने त्या डोक्यावरून हात फिरवला.

"हे बाहुलं आहे," ती म्हणाली. "मी बघितलं ते निराळं. ते मागं सरलं."

तिच्या वयाच्या माणसाला खोटं कोण म्हणणार? काठ्या हातात घेऊन माणसं आपापल्या घराकडे वळली. गर्दीत रखमी होती. तीही त्यांच्यासोबत वळली.

बागेतला आंबा त्या वर्षी वानरांनीच संपवला. शेठ नंतर क्वचित यायचा. विनोद नाशिकला एका दुकानात लागला. तुकाला रस्त्याच्या कामावर खडी फोडायचं काम मिळालं आणि कंबर आणखीच धरली. ठकीला खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. एकदा तिच्या अंगणात जाऊन बसलाही. ती त्याला त्या अस्वलाबद्दलच सांगू लागली, शांतपणे, जवळच्या माणसाबद्दल सांगावं तसं. तो ऐकत राहिला. मग उन्हं उतरली म्हणून उठला, तिचा पाण्याचा हंडा विहिरीवरून भरून आणून दिला आणि घरी गेला.