जातं रिकामं फिरतंय

आमच्या घरातली कुजबूज अख्ख्या चाळीला ऐकू जायची. आमचे हे ठार बहिरे. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. आमटीत मीठ कमी पडलं असं ते मला हळूच सांगायला जायचे, आणि पलीकडच्या खोलीतली बाई मिठाची वाटी घेऊन दारात उभी राहायची.

चाळ ठाकुर्लीची. हे काही जन्माचे बहिरे नव्हते. माझं लग्न झालं तेव्हा चांगलं ऐकू यायचं, उलट थोडं गातसुद्धा होते. कामाला होते बॉयलर बांधायच्या कारखान्यात. तिथं एकानं बाहेरून घणाचे घाव घालायचे आणि दुसऱ्यानं बॉयलरच्या पोटात बसून आतून रेटा द्यायचा. हे पोटात बसायचे. लोखंडाच्या घंटेत माणूस बसवून बाहेरून ठोकल्यासारखं ते. कानात कापूस कोंबून काही होत नाही. दुसरी मोठी लढाई संपता संपता कान गेले, आणि कान गेल्यावर कारखान्यानं घरी बसवलं. रडायला वेळ कुणाला होता. घरात सासू होती, पदरात दोन मुलं होती.

मी दळणं घ्यायला लागले. गिरण्या होत्या तेव्हा, पण डोंबिवलीतल्या शिकलेल्या घरांतल्या बायका भाजणी, मेतकूट, उपासाचं पीठ गिरणीत द्यायच्या नाहीत. गिरणीत पीठ तापतं आणि आधीच्या दळणाचा वास लागतो म्हणायच्या. खरंच आहे ते. पहाटे जात्यावर बसायचं ते उन्हं अंगणात येईस्तोवर. हातांना असे घट्टे पडले की चुलीतला निखारा उचलला तरी लवकर चटका बसायचा नाही.

आता जात्याचं कसं असतं, ते बोलतं. तोंडात घास बरोबर पडला तर जातं घुमतं, पोट भरलेल्या म्हशीसारखं. घास जास्त झाला तर जड होतं, हात ओढतो, आवाज बसतो. आणि घास संपला की दगडावर दगड फिरतो. तो आवाज कोरडा असतो, कडक, दातात खडा आल्यासारखा. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, दगडाला टाकीनं पाडलेल्या खाचा झिजतात आणि पिठात कच येते. मला झोपेतसुद्धा कळायचं. शेजारची जात्यावर डुलकी घ्यायला लागली की मी भिंतीवर थाप मारायची.

ह्यांनी हळूहळू मोटारीचं काम धरलं. कल्याणात एक गॅरेज होतं, शेठ माणूस बरा होता, हात बघून ठेवून घेतलं. हात खरंच तसे होते. नट किती आवळायचा ते बोटांना कळायचं. इंजिनात कुठं ठोका पडतोय ते बघायला लाकडाची काठी घ्यायचे, एक टोक इंजिनाला लावायचे आणि दुसरं दातांत धरायचे. दातांतून त्यांना ठोका समजायचा. पण बारीक आवाज, सूर म्हणा, तो काही दातांतून येत नाही. ट्यूनिंग जमायचं नाही. त्यासाठी ते प्लग काढून बघायचे. प्लग काळा झाला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, आणि तांबूस आला तर बरोबर. मी म्हणायची, भाकरीसारखंच की. ते म्हणायचे, "प्लग सांगतो काल काय जेवलो. आत्ता काय चाललंय ते कानच सांगतो."

एकदा मी डबा घेऊन गॅरेजात गेले. ठाण्याच्या एका डॉक्टरांची गाडी उभी होती, काळी, चार दारांची, पाठीला फुगीर. इंजिन चालू होतं आणि हे त्यावर वाकलेले. मला तो आवाज सहन होईना. माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण ह्यांनी वर बघून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "जातं रिकामं फिरतंय." ओठ बघून त्यांना कळायचं माझं. त्यांनी पेचकस घेतला, एक स्क्रू थोडा फिरवला. आवाज मऊ झाला. आणखी फिरवला, जड झाला. मी हात वर केला. त्यांनी थोडा मागं आणला, आणि जातं घुमायला लागलं.

त्या दिवसापासून ते गाडीकडे बघून नाही, माझ्या तोंडाकडे बघून स्क्रू फिरवायचे. गॅरेजातली माणसं हसायची. मिस्त्री बायकोला विचारल्याशिवाय पेट्रोलसुद्धा पाजत नाही, म्हणायची.

त्या डॉक्टरांना शर्यतीचा नाद होता. नेवाळीच्या माळावर लढाईच्या वेळी गोऱ्यांनी विमानांसाठी पट्टी बांधलेली, ती तशीच पडून होती. तिथं मुंबई-ठाण्याचे हौशी लोक गाड्या पळवायचे. डॉक्टरांना आपली रोजची गाडी, पेशंट बघायला न्यायची ती, तिथं पळवायची होती. शर्यत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गावाकडचा छकडा आला. छकडा कसा, नुसती चाकं आणि वर दोन दांड्या, भार नाही काही. हे म्हणाले, तसंच करायचंय.

आणि तसंच केलं. किती सुंदर केलं ते मी अजून विसरले नाही. मागची बैठक काढली, दारांच्या आतले पुठ्ठे काढले, गाडी आतून नुसती पत्र्याची राहिली. स्प्रिंगांची पानं आवळून गाडी खाली बसवली, म्हणजे वळणावर डुलणार नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून ते खालून घासून आणवलं, त्यानं जोर वाढतो म्हणे. वारा आत जायच्या वाटा कापडाच्या पॉलिश पेपरनं घासत बसायचे, बोट आत घालून फिरवायचे आणि पुन्हा घासायचे. मी एकदा माझं बोट घालून बघितलं. आतून तान्ह्या पोराच्या गालासारखं लागलं. मी कुठल्या देवाच्या मूर्तीवर एवढी मेहनत बघितली नाही.

पण शेठच्या मनात धास्ती होती. थोड्या दिवसांपूर्वी गॅरेजात एक ट्रक मागं घेत होते, सगळे ओरडले, ह्यांना काही कळलं नाही. कुणीतरी शर्ट धरून ओढलं म्हणून वाचले. शेठनं मला बाजूला बोलावलं. त्याचे ओठ ह्यांना वाचता यायचे नाहीत, म्हणून मला सांगितलं. म्हणाले, "वहिनी, हाताला तोड नाही त्यांच्या. पण बहिरा मिस्त्री मी किती दिवस सांभाळू? ही गाडी शर्यत पुरी करून आपल्या चाकांवर गॅरेजात परत आली तर राहू देत. ओढून आणावी लागली, तर मग दुसरं बघा."

वाईट माणूस नव्हता. पण मला ते जाऊन ह्यांना सांगावं लागलं, तेही शेठ तिथंच उभा असताना. मी हळू हळू ओठ हलवून सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि गॅरेजभर आवाज गेला, "शेठला सांग, गाडी चालत येईल." शेठ खाली बघून हसला.

मग गाडी रस्त्यावर पळवून बघायची होती. शीळच्या रस्त्याला नेली. डॉक्टर जोरात पळवणार, मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकणार आणि पलीकडे उभ्या ह्यांना खूण करणार, असं ठरलं. गाडी माझ्यासमोरून गेली ती जडावलेली, घास जास्त पडत होता. मी जात्यात मुठीनं घास टाकतात तसा हात करून दाखवला. मला म्हणायचं होतं, बघा, घास पडतोय जास्त. ह्यांना वाटलं, मी म्हणतेय घाला अजून. त्यांनी मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, बसवला. गाडी पुन्हा आली ती काळा धूर सोडत, उचक्या देत, आणि रस्त्यातच बसली. शिळ्या भाताच्या पेजेसारखं पेट्रोल चढलं होतं तिला. प्लग काढले तर कोळसे. डॉक्टर बाजूला विडी ओढत उभे होते, म्हणाले, मिस्त्री, तिला अजीर्ण झालंय.

हे माझ्यावर चिडले नाहीत. रस्त्याच्या कडेला बसून म्हणाले, "गाडी काय करतेय ते सांगू नकोस. तिला काय पाहिजे तेवढंच सांग." मग आम्ही ठरवलं. मूठ उघडी म्हणजे द्या. मूठ बंद म्हणजे पुरे, ठीक आहे. दुसरी खूण करायचीच नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात आमचं एवढं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं माळावर लोटली होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना चुना लावलेली डांबराची पिंपं ठेवलेली, त्यांना वळसा घालून यायचं. गवत वाळलेलं होतं, वाऱ्यानं त्याचे तुरे उडत होते. मी भाकरी बांधून आणलेली. शेठही आला होता. गाड्या सुटल्या, आमची गाडी घुमत होती. मी मूठ बंद धरून उभी. हे गाड्यांकडे बघतच नव्हते, माझ्या मुठीकडे बघत होते. डॉक्टर एकेकाला मागं टाकत दुसऱ्या जागेवर आले. शेठ बाजूच्या माणसाला सांगायला लागला, आमच्या गॅरेजची गाडी, आमच्या.

आणि मग मला लांबून ऐकू आलं. पलीकडच्या पिंपाला वळसा घालून गाडी जोरात सुटली की तो सूर यायचा. दगडावर दगड. आधी वाटलं दुसऱ्या गाडीचा असेल. पुढच्या फेरीला डोळे मिटून ऐकलं. आपलंच जातं. मूठ उघडावी की नको, एक क्षण वाटलं. गाडी थांबवली तर दुसरा नंबर जाणार, आणि माझं चुकलं असलं तर सगळंच जाणार. शीळच्या रस्त्यावर एकदा चुकलंच होतं. पण तिला काय पाहिजे तेवढं सांग, असं ठरलं होतं. मी मूठ उघडली.

ह्यांनी परत विचारलं नाही. खांद्यावरचा पंचा काढला आणि थेट पट्टीवर जाऊन उभे राहिले. गाडी धूळ उडवत आली, लोक ओरडत होते, ह्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी करकचून ब्रेक लावला. संतापले होते. म्हणाले, "मिस्त्री, मी दुसरा होतो!"

त्यांचा चेहरा बघूनच ह्यांना कळलं. बॉनेट उघडत म्हणाले, "पुढच्या वळणाला पायी आला असता, साहेब." ते सगळ्या माळाला ऐकू गेलं आणि माळ हसला.

कार्बोरेटर उघडला, जेट काढला, उजेडाकडे धरून बघितला, तोंडानं फुंकला. तळहातावर काहीतरी पडलं. गवताच्या तुऱ्याचा एक केस, बोटाला लागणार नाही एवढा बारीक. तेवढ्यानं पेट्रोलची वाट अडवली होती. एक प्लग काढला, तो पांढराफटक. डॉक्टरांनी तो केस नखावर घेतला, नीट बघितला आणि आत जाऊन बसले. ह्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावर माझ्या भाकरीच्या फडक्याची पातळ चिंधी ताणून बांधली, जिथून वारा आत जातो तिथं. सगळं होईस्तोवर बऱ्याच गाड्या पुढं गेल्या होत्या.

शर्यत पुरी झाली तेव्हा आमची गाडी मागून दुसरी आली. पण आली घुमत. पहिल्या जागेवर धावणाऱ्या गाडीला दोरीनं बांधून नेत होते. तिचं काय बिघडलं होतं मला ठाऊक नाही, सांगू कशाला. शेठचं तोंड मात्र उतरलं होतं. नंबर गेला होता ना. तो आपल्या गाडीनं पुढं निघून गेला.

आम्ही डॉक्टरांच्या गाडीतूनच परत निघालो. मागं बैठक नव्हती, मी गोणपाटावर पत्र्याला धरून बसले होते, तशीच राहिलेली भाकरी मांडीवर. हे पुढं. कल्याणकडे येणाऱ्या मलंगच्या रस्त्यावर खड्डेच खड्डे. शर्यत संपली होती, पण आमची शर्यत गॅरेजपर्यंत होती, ते गाडीत आम्हा दोघांनाच ठाऊक. दर चढाला हे मान वळवून माझ्याकडे बघायचे आणि मी मूठ बंद करून दाखवायची. डॉक्टरांनी आरशात ते बघितलं असावं. म्हणाले, वहिनी, मी पेशंटची छाती ऐकतो तेव्हा माझी बायको विचारते काय ऐकू येतं, मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. मी इंजिनाकडे कान करून पुढं वाकले. मला आवाज ऐकायचा होता.

गाडी आपल्या चाकांवर गॅरेजच्या दारात शिरली. शेठ बाहेर आला. डॉक्टर उतरले आणि त्याला म्हणाले, पुढच्या शर्यतीला पण हेच दोघं पाहिजेत. शेठनं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला. मग ह्यांच्या पाठीमागून म्हणाला, "मिस्त्री, उद्या वेळेवर या. आणि वहिनींना डबा घेऊन इंजिन सुरात लावायच्या वेळेला येऊ दे."

ह्यांना काही ऐकू गेलं नाही. ते खाली वाकून चाक बघत होते. मी पुढं जाऊन त्यांच्या डोळ्यांसमोर मूठ धरली, घट्ट बंद.

ते उठले. आणि अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं हळूच म्हणाले, "मग भाकरी काढ की. सकाळपासून उपाशी आहे."